गोधडीच्या कोपऱ्यातला घास

एका बाईनं सरळ प्रश्न विचारला, दुसरीनं त्याचं सरळ उत्तर दिलं, आणि दोघींच्या मधे बसून मी ते उत्तर गिळून टाकलं. मूर्खपणा मी आयुष्यात पुष्कळ केला आहे. लग्नात उखाणा विसरून सगळ्यांदेखत शाळेतली प्रतिज्ञा म्हणायला लागले होते, हे नातेवाईक अजून चवीनं सांगतात. पण ते सगळं घरातल्या घरात राहिलं. हा एक मूर्खपणा मात्र समुद्र ओलांडून गेला, पुस्तकात छापून आला आणि एका भल्या बाईच्या कामाच्या मुळावर उठला.

तेव्हा मी एकोणसाठ वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. श्रीरामपूरच्या एका शाळेत चित्रकला आणि शिवण शिकवून नुकतीच निवृत्त झाले होते. आजही बाजारात चाळिशीच्या बायका मला पाहून पिशवी सावरून सरळ उभ्या राहतात, त्यावरून मी काय चीज होते ते समजावं. कुणी झाडाचं खोड जांभळं रंगवलं की मी ते तपकिरी करायला लावायची. मुलींना एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवायचं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीचं एक बरोबर उत्तर असतं व ते आपल्याकडे असतं अशा थाटात व्हरांड्यातून चालायचं, यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर थाट राहिला, मुली गेल्या. घरात एक सून आणि चार महिन्यांची नात. दोघीही माझं ऐकत नसत.

अशात एका जुन्या विद्यार्थिनीचा पुण्याहून फोन आला. तुर्कस्तानातून एक चित्रकार बाई येताहेत, तिकडच्या विद्यापीठात शिकवतात, त्यांना आपल्याकडच्या गोधड्यांवर अभ्यास करायचा आहे, तर श्रीरामपुरात शिवण समजणारं आणि इंग्रजी येणारं कुणी आहे का? तिचं वाक्य संपायच्या आत मी हो म्हटलं. माझं इंग्रजी म्हणजे प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचून दाखवण्याइतकं. पण ते मी तिला कशाला सांगू?

पाहुणी रेल्वेनं आली आणि उतरल्या उतरल्या हरखली, कारण आमच्या श्रीरामपूरच्या स्टेशनवर पाटी आहे बेलापूरची, आणि तिच्या वहीच्या पहिल्या पानावर तेच गाव लिहिलेलं. खरं बेलापूर अजून रिक्षानं जाण्याइतकं लांब आहे हे कळल्यावर ती स्वतःलाच हसली. चाळिशीतली, केस आखूड कापलेले, आणि शर्टाच्या कॉलरला दोन सुया टोचलेल्या. त्या सुया पाहिल्या आणि मला ती आवडून गेली. पहिल्या दिवसापासून ती मला ‘होजाम’ म्हणायला लागली. तिकडे शिकवणाऱ्या माणसाला असं म्हणतात, आपण ‘बाई’ म्हणतो तसं. त्या एका शब्दानं मी दोन बोटं जमिनीच्या वरून चालायला लागले. पुढचं सगळं त्या दोन बोटांमुळेच झालं.

त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघरात बसून तिनं आपली हकीकत सांगितली. इझमीर हे समुद्रकाठचं शहर. आजोबांचं रजया शिवायचं दुकान; तिकडे ते पुरुषांचं काम. ते धनुकलीनं कापूस पिंजायचे, आपल्याकडे पिंजारी पिंजायचे तसाच, आणि नव्या नवरीच्या साटिनच्या रजईवर दोऱ्यानं फुलं उठवायचे. नात मात्र तैलरंगाची चित्रकला शिकली. दहा वर्षं कॅनव्हास रंगवले, प्रदर्शनं केली, नाव झालं. मग आजोबा गेले. दुकान आवरताना तिच्या मनात आलं की आपण रंगवलेल्या एकाही चित्रानं कुणाला थंडीत ऊब दिलेली नाही. तिनं ब्रश धुऊन ठेवले ते ठेवले. ओळखीच्या घरांतून फाटक्या रजया मागून आणल्या, एकेक टाका उसवला, आणि एका भिंतीवर रिकामं कापड, समोरच्या भिंतीवर त्यातून निघालेला दोरा, असं टांगलं. ते तिचं पहिलं खरं काम, असं ती म्हणाली. माझ्या वर्गात हे केलं असतं तर दुसऱ्या दिवशी पालकांना बोलावणं गेलं असतं, असं मी मनात म्हटलं आणि तिला दुसरा चहा दिला.

तिकडेही लोक आधी हसलेच. चित्रकार म्हणायचे ही शिंपीण झाली, प्राध्यापक म्हणायचे ही अभ्यास सोडून भिंती सजवते. तिनं दोन्ही सोडलं नाही. टाक्यांवर प्रबंध लिहिला, डॉक्टर झाली, शिकवायला लागली. जे लिहायचं ते आधी हातानं करून पाहायचं, हा तिचा नियम. आणि मग युरोपातल्या एका संग्रहालयाच्या कोठारात तिला एक गोधडी दिसली. शंभरेक वर्षांपूर्वी आमच्या भागात राहिलेल्या कुणा मिशनरी बाईनं मायदेशी नेलेली. तिच्यावर कापडाची चिठ्ठी शिवलेली होती: बेलापूर, जिल्हा अहमदनगर. गोधडी बोटांनी चाचपताना एक कोपरा टणक लागला. आत काहीतरी होतं. उसवून बघायची परवानगी नव्हती.

तो कोपरा तिच्या डोक्यात जाऊन बसला. तिच्या नव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण या गोधडीवर होतं आणि पुढेमागे प्रोफेसर व्हायची मुलाखत व्हायची ती त्या पुस्तकाच्या जोरावर. एवढ्या लांब ती एवढंच विचारायला आली होती, की कोपऱ्यात काय घालतात.

बेलापूरला दहाच्या रिक्षानं मी तिला घेऊन गेले ती आक्कांकडे. शेतकरी घरातल्या, सत्तरी ओलांडलेल्या. सगळी गल्ली त्यांना आक्का म्हणायची म्हणून मीही. ओट्यावर जुनी लुगडी अंथरून त्या कडेकडेनं आत धावदोरा घालत होत्या. पाहुणीनं काही विचारलं नाही. कॉलरची सुई काढली, दोरा ओवला आणि शेजारी बसून शिवायला लागली. तास गेला, दोन गेले. आक्कांनी एकदा तिच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि हातभर सरकून तिला जागा दिली. मी शिवणाची बाई, पण मला खुर्ची दिली होती. खुर्चीत बसून मी घाम पुसत होते.

मग पाहुणीनं प्रश्न विचारला. मी तो मराठीत केला, तेवढा नीट केला. आणि आक्का बोलायला लागल्या.

“तिच्या पोटात कायतरी घालावं लागतं, बाई. शेवटचा कोपरा मिटायच्या आधी भाकरीचा तुकडा आन् चिमूटभर जोंधळं. आपुन जेवून निजायचं आन् ती रातभर उपाशी? उपाशी गोधडी ऊब कुठून देनार?”

तिथंच थांबल्या नाहीत. पहिल्या मुलाच्या वेळची गोधडी त्यांनी दुष्काळात शिवली, घरात सगळ्यांना मिळून दोन भाकरी. कोपरा मोकळाच मिटायला निघाल्या तर सासूनं हात धरला आणि आपल्या ताटातल्या अर्धकोरातला तुकडा मोडून आत घातला. ही सासू म्हणे एरवी कुणाला मिठाचा खडा द्यायची नाही. हे सांगताना आक्का हसल्या, मग डोळे पुसले, मग पुन्हा शिवायला लागल्या.

पाहुणी माझ्याकडे बघत होती, वहीवर पेन टेकवून.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते लिहायला आज मला बरं वाटत नाही, पण लिहिते. मला दिसल्या मुंग्या. मला दिसले उंदीर. मला दिसलं परदेशातलं चकचकीत पुस्तक आणि त्यात छापलेलं, की इथल्या बायका अंथरुणात भाकरी शिवतात. वर्गात स्वच्छतेवर मी केलेली भाषणं एकामागोमाग एक उभी राहिली. मी अगदी गोड हसून म्हटलं, नाही, आत काही नसतं. घडी घातलेलं कापड असतं. मजबुतीसाठी.

ती म्हणाली, नक्की? मी म्हटलं, हंड्रेड पर्सेंट.

बरं, मला माहीत नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. माझं माहेर पुणतांब्याचं. वडील शिक्षक, घरात असल्या गोष्टींना थारा नाही. पण माझ्या लग्नाची गोधडी शिवताना आईनं वडिलांची पाठ वळलेली पाहून कोपऱ्यात काहीतरी सारलं होतं आणि मला डोळ्यांनी गप्प केलं होतं. ती गोधडी माझ्याच माळ्यावर होती.

पुस्तक तीनेक वर्षांनी पोस्टानं आलं. आभाराच्या पानावर मी होते. मी ते पान गल्लीत फिरवलं, वाण्याला दाखवलं, दूधवाल्याला दाखवलं. शेवटच्या प्रकरणात एक वाक्य होतं की स्थानिक शिक्षिकेच्या माहितीनुसार कोपऱ्याचा टणकपणा हा केवळ दुमडलेल्या कापडाचा आहे. ते पान मी कुणाला दाखवलं नाही. पुस्तक टीव्हीशेजारी उभं करून ठेवलं आणि दर आठवड्याला त्याच्यावरची धूळ पुसली.

मग गेल्याच्या गेल्या वर्षी तिची ईमेल आली. संग्रहालयानं त्या गोधडीचा एक्स-रे काढला होता. कोपऱ्यात धान्याचे दाणे दिसले. तिच्या विषयातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी लगेच मत दिलं होतं की उंदरांनी साठवलेले असणार, आणि दुसऱ्या कुणी विचारलं होतं की बाई त्या गावी खरंच गेल्या होत्या का. मुलाखत महिनाभरावर आलेली. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नव्हता. एवढंच लिहिलं होतं: होजाम, आक्का असतील तर त्यांना पुन्हा एकदा विचाराल का?

आठ दिवस मी उंदरांच्या बाजूनं होते. उंदीर किती सोयीचे! ते नाही म्हणायला येत नाहीत. ‘आक्कांना विचारलं, त्याही म्हणाल्या उंदीरच,’ एवढं लिहिलं की प्रकरण मिटलं, माझी अब्रू शाबूत. आठवीतली मुलगी गृहपाठ घरी राहिला म्हणते तेव्हा तिचा चेहरा कसा होतो ते मी हजारदा पाहिलं आहे. त्या आठ दिवसांत सकाळी वेणी घालताना आरशात तोच चेहरा दिसायचा. नवव्या दिवशी मी वहाणा घातल्या आणि बेलापूरच्या रिक्षात बसले. आता माघार नाही असं स्वतःला इतक्या जोरात बजावलं की शेजारच्या बाईनं विचारलं, काय म्हणालात?

आक्का होत्या. ऐंशीच्या घरातल्या, कमरेत वाकलेल्या, पण सुई हातात. मी खुर्ची नको म्हटलं, खाली बसले, आणि तेव्हा मी तुमचं उत्तर तिला सांगितलंच नाही, असं एका दमात बोलून टाकलं. वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी दोरा दातानं तोडला.

“ठावं हाय मला. माझं बोलनं येवढं लांब, आन् तुमचं इंग्रजी चार शब्दांचं. तवाच वळखलं, बाईनं माझी सासू गाळली.”

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, मास्तरीन बाईंना चारचौघांत कोन बोलनार? आणि का गाळली म्हणून त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, लाज वाटली.

“कुनाची?” आक्का म्हणाल्या. “माझी का भाकरीची?”

चौतीस वर्षं मी प्रश्न विचारले, पण असा एक नाही विचारला. मग त्यांनीच मला जेवायला बसवलं. त्याआधी परातीशी बसवून एक भाकरी थापायला लावली. ती तव्यावर जाईपर्यंत तिला तीन ठिकाणी भेगा पडल्या. आक्कांनी ती उलथून पाहिली आणि म्हणाल्या, ही गोधडीबी खानार न्हाई. निघताना एकच अट घातली: आता सांगायचं तर सगळं सांगायचं, त्या बोलल्या तेवढंच लांब.

पण नुसतं सांगून भागणार नव्हतं. एकदा खोटं बोललेल्या बाईच्या शब्दावर ते ज्येष्ठ प्राध्यापक का विश्वास ठेवतील? घरी येऊन मी माळ्यावरून आईची गोधडी काढली. कोपरे चाचपले. तिसरा कोपरा टणक. उसवायला कात्री घेतली आणि हात पुढे जाईना. आईनं चोरून घातलेला टाका तो. तेव्हा मला सुचलं ते सुचलं. गोधडीची घडी घातली, पिशवीत भरली आणि गावातल्या एक्स-रेवाल्याकडे गेले.

काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, पेशंट कोण? मी पिशवी काउंटरवर ठेवली. तिनं आत जाऊन मालकांना बोलावलं. ते माझ्या शाळेतले निघाले नाहीत, नाहीतर काम सोपं झालं असतं. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, माझ्या खोट्यासकट, आणि बाकावर बसलेले हात मोडलेले दोन आणि गुडघे दुखणारी एक अशा तिघांनी ते मन लावून ऐकलं. गुडघेवाली म्हणाली, घ्या की हो काढून, आमच्याही घरी कोपऱ्यात घास घालायचे. बोटांच्या हाडांना लावतात तेवढी पावर लावून मालकांनी कोपऱ्याचा फोटो काढला. पाकिटावर त्या मुलीनं पेशंटचं नाव लिहिलं ‘गोधडी’, वय विचारून तेही लिहिलं, आणि लिंगाच्या रकान्यात स्त्री.

फिल्म उजेडाला धरली. करड्या धुक्यात आठ-दहा पांढुरके ठिपके, एकमेकांना चिकटून. पुणतांब्याच्या शेतातली ज्वारी.

ईमेल टाइप करायला सून बसली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आणि मन माझ्यापेक्षा मऊ. तिनं पहिल्याच ओळीत लिहिलं की दुभाषेपणात काही गैरसमज झाला होता. मी म्हटलं, ते खोड. ती म्हणाली, “आई, भाषेमुळे होतं असं. कुणी तुम्हाला दोष देणार नाही.” मी म्हटलं, “भाषा बिचारी कशाला मधे? मी खोटं बोलले असं लिही, आणि का बोलले तेही लिही.” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच पाहत होती. मग खोडलं आणि लिहिलं. आक्कांचं बोलणं सगळं घातलं: भाकरी, जोंधळे, दुष्काळ, सासू, सासूच्या ताटातला तुकडा, आक्कांचं हसणं आणि डोळे पुसणं. शेवटी मी सही करून कागद स्कॅन करायला लावला आणि सोबत दोन्ही फोटो, आईच्या गोधडीचा आणि तिच्या पोटाचा.

तीन आठवडे काही उत्तर नाही. ते तीन आठवडे मी टीव्हीशेजारच्या पुस्तकाची धूळ पुसली नाही.

मग उत्तर आलं, लहानसं. मुलाखतीत समितीनं काही विचारायच्या आत ती स्वतः उभी राहिली होती. आपल्या पुस्तकातलं हे पान चुकीचं आहे असं म्हणाली, माझं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं आणि संग्रहालयाचा एक्स-रे आणि श्रीरामपूरचा एक्स-रे शेजारी शेजारी लावले. दोन्हीत दाणे, दोन्हीत कोपऱ्याच्या त्याच जागी, वरून टाका मिटलेला. उंदीर टाका घालत नाही, एवढं ते ज्येष्ठ प्राध्यापकही मान्य करून बसले. पण पद त्या वेळी मिळालं नाही. प्रकरण नव्यानं लिहा आणि मग या, असं सांगितलं. तिची पुढची ओळ होती: दहाची रिक्षा अजून बेलापूरला जाते का?

एवढ्या ठोकरीनंतर दुसरी कुणी विषय बदलून मोकळी झाली असती. हिनं वर्षभर तयारी केली. प्रकरण नव्यानं लिहायचं तर गोधडीही नव्यानं शिवायची, हातानं केल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम तिनं मोडला नाही. गेल्या हिवाळ्यात ती आली तेव्हा बॅगेत आजोबांच्या दुकानातलं उरलेलं साटिन होतं, फिकट निळं आणि डाळिंबी. वर आजोबांचं साटिन आणि आत आक्कांची जुनी लुगडी, अशी ओटाभर मोठी गोधडी गल्लीतल्या बायकांनी मिळून शिवायची, आणि ती तिच्या पुढच्या प्रदर्शनात मधोमध टांगायची. स्टेशनवर ती उतरली तशी मी सकाळपासून पाठ केलेली माफी मागायला तोंड उघडलं. तिनं मला मिठीच मारली, त्यामुळे ते भाषण माझं अजून शिल्लक आहे.

आक्कांच्या ओट्यावर आम्ही सगळ्या बसलो. पंधरा दिवस शिवण चाललं. मी या वेळी खुर्ची घेतली नाही, सुई घेतली. शेवटच्या दिवशी तीन कोपरे मिटले, चौथा राहिला. पाहुणीनं वही काढली. आक्कांनी दोरा बाजूला ठेवून पदर सारखा केला, बोलायची तयारी. मला कळलं, आपली वेळ आली. या वेळी शब्दन् शब्द सांगायचा, सासू गाळायची नाही, असा निश्चय करून मी दोघींच्या मधे सरकले, पदर खोचला आणि घसा साफ केला.

तेवढ्यात तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवून मला थांबवलं. वर्षभर ती तिकडे काय शिकत होती ते तिनं ना ईमेलमध्ये लिहिलं होतं ना त्या पंधरा दिवसांत कुणाला कळू दिलं होतं. आक्कांकडे एकदा पाहून, मग माझ्याकडे वळून, एकेक शब्द सुईत ओवावा तसा नीट ओवत ती चक्क मराठीत म्हणाली,

“होजाम, या वेळी प्रश्न मी विचारते. तुम्ही आत जाऊन भाकरी करा.”